वावटळ पिंजऱ्यात ठेवणारा घड्याळजी

एरोनॉटिक्सच्या मंडळींना ब्रेगे हे नाव नवीन नाही. टाकीभर इंधनात विमान किती लांब जाईल हे काढायचं 'ब्रेगे रेंज इक्वेशन' त्यांच्या परीक्षेत हमखास येतं. ते ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो लुई ब्रेगे (1880-1955) फ्रान्समध्ये विमानं बनवायचा. मात्र हा लेख त्याच्यावर नाही. हा लेख आहे त्याच्या खापरपणजोबांवर.

खापरपणजोबांचं नाव अब्राहम-लुई ब्रेगे. जन्म 10 जानेवारी 1747, मृत्यू 17 सप्टेंबर 1823, धंदा घड्याळजीचा. यांत्रिक घड्याळांचं (म्हणजे चावीच्या, सेलवरच्या नव्हे) वेड असलेली माणसं हे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. आपल्या मेकॅनिकलच्या मुलांनीही लावायला हरकत नाही, असं मला त्याच्याबद्दल वाचता वाचता वाटायला लागलं, म्हणून हा खटाटोप.

ब्रेगेचं गाव न्यूशातेल. आज ते स्वित्झर्लंडमध्ये आहे, पण तेव्हा तिथे प्रशियाच्या राजाची सत्ता होती. घराणं मूळचं फ्रान्समधलं, प्रोटेस्टंट, धर्मावरून झालेल्या छळामुळे इकडे येऊन राहिलेलं. अब्राहम अकरा वर्षांचा असताना वडील वारले. आईने पुन्हा लग्न केलं ते जोसेफ ताते नावाच्या माणसाशी. ताते मंडळी घड्याळाच्या धंद्यातली, पॅरिसला त्यांचं दुकान होतं. सावत्र वडिलांनी पोराला हाताशी धरून काम शिकवायला घेतलं. पोराला ते सुरुवातीला अजिबात आवडत नव्हतं म्हणतात! पण 1762 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला व्हर्सायला एका घड्याळजीकडे उमेदवारीला ठेवण्यात आलं.

दिवसभर कानस घासायची आणि संध्याकाळी पॅरिसमधल्या माझारँ कॉलेजात गणिताच्या वर्गाला जायचं, असा त्याचा दिनक्रम झाला. तिथे आबे मारी नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. या पोराच्या हातात आणि डोक्यात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला जवळ केलं. पुढे राजदरबारापर्यंत त्याची ओळख पोचली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. आपल्याकडे थिअरीवाला वर्कशॉपला नाक मुरडतो आणि वर्कशॉपवाला मॅथ्सला हात जोडतो. या माणसाने दोन्ही एकाच वयात केलं, आणि मला वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे.

1775 मध्ये त्याने लग्न केलं, आणि बायकोच्या हुंड्याच्या मदतीने पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठावर स्वतःचं दुकान थाटलं. त्या रस्त्याचं नाव 'के द लॉर्लोज', म्हणजे सरळ मराठीत घड्याळाचा धक्का. दुकानासाठी यापेक्षा योग्य पत्ता कुठला? बायकोचा सहवास मात्र पाचच वर्षं लाभला. 1780 मध्ये ती गेली आणि पदरात राहिला अंत्वान-लुई हा चार वर्षांचा मुलगा.

पुढचं समजायला चावीचं घड्याळ कसं चालतं ते थोडक्यात बघू. आजोबांचं एचएमटी कोणी उघडून बघितलं असेल तर त्यातही हेच दिसेल. चावी दिली की डबीतली मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सुटायला बघते आणि सुटताना गिअर ट्रेन फिरवते. ही गिअर ट्रेन सुसाट धावू नये म्हणून शेवटी एक अडसर असतो, त्याचं नाव एस्केपमेंट. तो एका वेळी एकच दात पुढे सोडतो. कधी सोडायचा हे ठरवतं बॅलन्स व्हील. ते केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर डावी-उजवीकडे डोलत असतं. बारावीतलं एस.एच.एम. आठवा. झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागला पाहिजे. सगळं घड्याळ या एका अटीवर उभं आहे, आणि ती अट मोडायला सगळं जग टपलेलं आहे. तेल घट्ट होतं, उन्हाने धातू वाढतो, घड्याळ हातातून पडतं, माणूस चावी द्यायला विसरतो.

दिवसाचे सेकंद 86,400. दिवसात एका मिनिटाची चूक म्हणजे फक्त 0.07 टक्के, तरी असं घड्याळ आपण दुरुस्तीला टाकू. लॅबमध्ये पाच टक्के एरर आली तर आपण 'विदिन लिमिट्स' लिहून सह्या घेऊन मोकळे होतो!

ब्रेगेचं वेगळेपण असं की त्याने घड्याळ नेमकं कुठे चुकतं याची जणू यादीच केली आणि एकेका चुकीच्या मागे हात धुऊन लागला. चावी द्यायला विसरता? मग 1780 च्या सुमारास त्याने 'पेर्पेत्युएल' घड्याळं विकायला सुरुवात केली. आत एक वजन, माणूस चालला की ते वरखाली हलतं आणि स्प्रिंग आपोआप भरते. ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती, स्वित्झर्लंडमध्ये पेरले नावाचा घड्याळजी त्याच्या आधी यावर काम करत होता. पण ती खिशात रोज भरवशाने चालेल अशी करून दाखवली ब्रेगेने. 1782 मध्ये असं एक घड्याळ फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याकडे गेलं आणि राणी त्याच्या घड्याळांच्या प्रेमातच पडली.

त्या काळात अंधारात वेळ कळावी म्हणून वाजणारी घड्याळं असायची. त्यांच्यात छोटी घंटा असल्यामुळे ती कांद्यासारखी फुगलेली दिसत. ब्रेगेने 1783 मध्ये घंटा काढून टाकली आणि यंत्राभोवती गोल वळवलेली पोलादी तार बसवली. हातोडी तारेवर पडते, आवाज गोड येतो आणि घड्याळ पातळ होतं. टोकाजवळ पोकळ गोल असलेले नाजूक काटे आणि किंचित तिरके आकडे हेसुद्धा त्याचेच. जगभरचे घड्याळजी आजही त्यांना ब्रेगे काटे आणि ब्रेगे आकडे म्हणतात.

त्याच 1783 साली राणीच्या पहारेकरी दलातला एक अधिकारी दुकानात आला आणि त्याने एक ऑर्डर दिली. घड्याळ राणीसाठी. त्या वेळी माहीत असलेली प्रत्येक करामत त्यात पाहिजे. जिथे जमेल तिथे साध्या धातूऐवजी सोनं वापरायचं. खर्चाला मर्यादा नाही, वेळेला मर्यादा नाही. दुकानाच्या वहीत या घड्याळाला नंबर पडला 160. इंजिनिअरला याहून मोठं आमिष नाही, आणि खरं सांगायचं तर याहून मोठा सापळाही नाही. डेडलाईन नसलेलं प्रोजेक्ट कधी पुरं होतं का?

मग 1789 उजाडलं. राज्यक्रांती झाली आणि ब्रेगेची गिऱ्हाइकं म्हणजे नेमके तेच लोक ज्यांची डोकी उडायची होती. त्याची स्वतःची मतं सुधारणावादी होती, पण राणीचा घड्याळजी हा शिक्का कसा पुसणार? त्याला एका मैत्रीचा उपयोग झाला. क्रांतिकारकांमधला सगळ्यात जहाल पुढारी मारा हाही न्यूशातेलच्या मुलखातलाच, ब्रेगेचा गाववाला म्हणा ना. अशी एक गोष्ट सांगतात की दोघं एका ओळखीच्या घरी असताना बाहेर माराच्या जिवावर उठलेला जमाव गोळा झाला. ब्रेगेने माराला म्हातारीचे कपडे घातले आणि तिच्या हातात हात घालून शांतपणे गर्दीतून बाहेर पडला. पुढे 1793 मध्ये ब्रेगेच्या जिवावर बेतलं तेव्हा पॅरिसबाहेर जायचा परवाना मिळवायला मारानेच मदत केली असं मानलं जातं. मारा त्याच वर्षी जुलैमध्ये मारला गेला. ब्रेगे कुटुंबासह स्वित्झर्लंडला निसटला. 16 ऑक्टोबर 1793 ला राणीला गिलोटीनवर चढवण्यात आलं.

इथे एक बारीक तपशील मला चटका लावून गेला. राणी तुरुंगात असताना तिच्यासाठी ब्रेगेकडून एक अगदी साधं घड्याळ मागवलं गेलं होतं. कुठलीही करामत नसलेलं. जिच्यासाठी जगातलं सगळ्यात गुंतागुंतीचं घड्याळ अर्धवट पडलं होतं, ती शेवटचे महिने साध्या घड्याळावर मोजत होती.

स्वित्झर्लंडमधली दोन वर्षं ब्रेगेने मोजक्या कारागिरांवर काढली. 1795 मध्ये तो पॅरिसला परत आला तेव्हा कारखान्याची पार वाताहत झालेली होती. माणसाचं वय अठ्ठेचाळीस. दुसरा कोणी असता तर त्याने हाय खाल्ली असती. याने सरकारकडून मदत मिळवून कारखाना पुन्हा उभा केला, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत असं काम केलं की आधीचं सगळं त्यापुढे रिहर्सल वाटावं.

आधी हेअरस्प्रिंग. ती सपाट गुंडाळीची असते आणि तिचं बाहेरचं टोक एका बाजूला अडकवलेलं असतं. त्यामुळे ती फुलते-मिटते तेव्हा एकाच बाजूला जास्त फुलते, गुरुत्वमध्य सरकतो आणि लहान-मोठ्या झोक्यांची वेळ बदलते. ब्रेगेने काय केलं, तर शेवटचा वेढा वर उचलला आणि एका विशिष्ट वळणाने आत मध्याकडे आणला. आता गुंडाळी सगळ्या बाजूंनी सारखी 'श्वास' घेते. बस्स, एवढंच. याला ब्रेगे ओव्हरकॉईल म्हणतात. ते वळण नेमकं कसं असावं याचं गणित फिलिप्स नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने मांडलं 1861 मध्ये, म्हणजे तब्बल 66 वर्षांनी. ब्रेगेने ते हाताने आणि नजरेने साधलं होतं. चांगली यांत्रिक घड्याळं बनवणारे आजही हे वळण देतात.

दुसरं म्हणजे घड्याळ पडणं. बॅलन्स व्हीलचे आसाचे टोक इतके बारीक असतात की घड्याळ पडलं की पहिल्यांदा तेच तुटतात. ब्रेगेने त्यांना आधार देणारी माणकं छोट्या पट्टीस्प्रिंगवर बसवली. धक्का बसला की माणिक जरा दबतं आणि परत जागेवर येतं. म्हणजे सस्पेन्शनच की! याची सुरुवात त्याने 1790 मध्ये केली होती. भरलेल्या दिवाणखान्यात त्याने आपलं घड्याळ जमिनीवर फेकून ते चालू असल्याचं दाखवलं, असं सांगतात. मार्केटिंगही त्याला कळत होतं तर.

ते किती कळत होतं याचा पुरावा म्हणजे 'सबस्क्रिप्शन' घड्याळ. क्रांतीनंतर श्रीमंत गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मग त्याने एक साधं, मोठं, मजबूत घड्याळ काढलं, त्याला काटा एकच. तबकडीवर तासांच्या मध्ये पाच-पाच मिनिटांच्या खुणा. किंमत 600 लिव्र. ऑर्डर देताना पाव रक्कम भरायची, बाकीची घड्याळ मिळाल्यावर. आलेल्या ॲडव्हान्समधून माल घ्यायचा आणि एकसारखी घड्याळं लॉटमध्ये बनवायची. आज याला आपण क्राऊडफंडिंग म्हणतो. अशी सुमारे 700 घड्याळं विकली गेली. नक्कल करणारेही लगेच उगवले. तेव्हा त्याने तबकडीवर आपली सही इतकी बारीक कोरायला सुरुवात केली की ती फक्त तिरक्या उजेडात धरल्यावर दिसावी. आपल्या नोटांवरच्या छुप्या खुणांचा हा पूर्वजच म्हणायचा.

आणि मग आली वावटळ. खिशातलं घड्याळ दिवसभर कोटाच्या आत उभं असतं. बॅलन्स व्हील कितीही काळजीने घासलं तरी एका बाजूला केसभर जड राहतंच, आणि उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षण त्या जड बाजूला ओढतं. वरच्या बाजूला वजन असेल तर घड्याळ पुढे पळतं की मागे पडतं, हे झोक्याच्या आकारावरही अवलंबून. डोकेदुखी! ही चूक काढून टाकता येत नाही हे ब्रेगेने मान्य केलं, आणि इथेच त्याची खरी अक्कल दिसते. बॅलन्स व्हील, हेअरस्प्रिंग, एस्केपमेंट असा सगळा संसार त्याने एका छोट्या पिंजऱ्यात बसवला आणि तो अख्खा पिंजराच गोल फिरवला, ठरावीक वेळेत एक फेरी. आता जड बाजू अर्धी फेरी घड्याळाला पुढे ढकलते आणि अर्धी फेरी मागे ओढते. फेरी पुरी झाली की हिशोब शून्य. 26 जून 1801 रोजी त्याला याचं दहा वर्षांचं पेटंट मिळालं. नाव दिलं 'तुर्बियाँ'. फ्रेंचमध्ये तुर्बियाँ म्हणजे वावटळ.

ऐकायला सोपं वाटतं. पण पिंजऱ्याचं वजन वाढलं की फिरवायला जास्त ताकद लागते, ताकद वाढवली की घर्षण वाढतं. एवढासा पिंजरा हलका आणि तरी ताठ बनवायचा, तोही मशिनशिवाय. म्हणून आयुष्यभरात त्याच्याकडून अशी घड्याळं बाहेर पडली ती चाळीसच्या आसपासच.

लंडनमध्ये जॉन अर्नोल्ड हा मोठा घड्याळजी होता. खरं तर प्रतिस्पर्धी, पण दोघांची अशी गट्टी की दोघांनी आपापले मुलगे एकमेकांकडे शिकायला पाठवले. अर्नोल्ड वारल्यानंतर 1808 मध्ये ब्रेगेने अर्नोल्डच्याच एका घड्याळात आपलं तुर्बियाँ बसवून ते त्याच्या मुलाला भेट दिलं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फ्रान्स आणि इंग्लंडचं तेव्हा युद्ध चालू होतं हे लक्षात घ्या.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत तर ब्रेगे सर्वपक्षीय होता. नेपोलियनने 1798 मध्ये इजिप्तच्या स्वारीवर निघण्याआधी त्याच्याकडून तीन वस्तू घेतल्या. नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन आणि रशियाचा झार अलेक्झांडर हेही त्याचेच गिऱ्हाईक. नेपोलियनची बहीण कॅरोलिन, नेपल्सची राणी, हिने 1810 मध्ये मनगटावर बांधायचं घड्याळ मागितलं. पुरुष मनगटी घड्याळ वापरायला लागले त्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. केस आणि सोन्याच्या तारा गुंफून केलेल्या पट्ट्यावरचं ते लंबगोल घड्याळ 1812 मध्ये तयार झालं. त्याची शेवटची दुरुस्ती 1855 ची, तशी वहीत नोंद आहे. त्यानंतर ते कुठे गेलं याचा पत्ता नाही.

या वह्यांचं एक सांगायलाच हवं. कोणतं घड्याळ, कोणाला, केव्हा, कितीला विकलं याच्या 1787 पासूनच्या नोंदी ब्रेगेच्या दुकानाने जपल्या आहेत. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीचं ब्रेगे घड्याळ हाती आलं तर ते अस्सल आहे का, हे आजही ताडून पाहता येतं. आपण मागच्या सेमिस्टरची जर्नल्स रद्दीत घालतो.

माणूस म्हणून तो प्रेमळ होता असंच सगळे सांगतात. म्हातारपणी त्याला ऐकू कमी यायचं. त्याची एक गोष्ट फार गोड आहे. काम आवडलं आणि कारागिराच्या बिलाचा शेवटचा आकडा शून्य असला, तर तो त्या शून्याला खाली शेपूट जोडून नऊ करायचा! मानसन्मान उशिरा का होईना मिळाले. 1815 मध्ये तो फ्रेंच नौदलाचा अधिकृत घड्याळजी झाला, 1816 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीत निवडला गेला. 1823 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, तो गेला. नंबर 160 तेव्हाही अपुरंच होतं. मुलाच्या हाताखाली ते 1827 मध्ये पुरं झालं. ऑर्डर दिल्यापासून 44 वर्षं, 823 सुटे भाग. मिनिटापर्यंत वेळ वाजवून सांगणारं, लीप वर्ष सांभाळणारं कॅलेंडर, सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यातला फरक, थर्मामीटर, आपोआप चावी, सगळं एका मुठीत. जिच्यासाठी होतं तिला जाऊन 34 वर्षं झाली होती.

कंपनीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. नातू टेलिग्राफ आणि विजेच्या उपकरणांकडे वळला आणि 1870 मध्ये घड्याळांचा धंदा कारखान्याच्या मॅनेजरला विकला गेला. त्या ब्राऊन कुटुंबाने तो शंभर वर्षं चालवला. मग 1969 च्या नाताळला जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ आणलं आणि सगळाच खेळ खलास झाला. ब्रेगेने आयुष्यभर ज्या सेकंदांसाठी जीव टाकला, त्यापेक्षा जास्त अचूकपणा गारगोटीच्या एका तुकड्याने दिला. स्वित्झर्लंडमध्ये हजारो कारागीर घरी बसले.

गंमत म्हणजे त्यानंतरच यांत्रिक घड्याळांना पुन्हा बहर आला. 1980 च्या दशकाच्या शेवटापासून ते 2008 च्या मंदीपर्यंत. जुने कलेक्टर त्या दिवसांची आठवण काढून आज हळहळतात. तेव्हा म्हणे नवनवीन घड्याळजी आपल्या डोक्यातली यंत्रं स्वतःच्या हातांनी बनवत, आणि घेणारा किमतीआधी ढाकण उघडून आतलं बघे. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजीने 1975 मध्ये ब्रेगेच्या कामावर मोठा ग्रंथ लिहिला होता, त्याचाही या बहराला हातभार लागला. या सुवर्णकाळाचं मानचिन्ह कुठलं, तर तुर्बियाँ. तबकडीला भोक पाडून तो फिरता पिंजरा मुद्दाम दिसेल असा ठेवायची फॅशन आली.

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. मनगट दिवसभर हलत असतं. घड्याळ कधी आडवं, कधी उभं, कधी उलटं. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी काढलेल्या युक्तीचा तिथे फारसा फायदा नाही, आणि हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. दिसायला ते सुंदर आहे, मी तासन् तास त्याचे व्हिडिओ बघू शकतो. पण ब्रेगेच्या घड्याळात पिंजरा आत लपलेला असायचा, कारण तो तिथे काम करत होता. तो सुवर्णकाळ संपला म्हणून रडणाऱ्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं की तुम्हाला यंत्र आठवतंय की त्याची खिडकी?

राहता राहिलं नंबर 160. अनेक हात फिरून ते 1917 मध्ये सर डेव्हिड सॉलोमन्स या इंग्रज संग्राहकाकडे आलं. त्याच्या मुलीने जेरुसलेममध्ये म्युझियम काढलं आणि वडिलांची घड्याळं तिथे ठेवली. 15 एप्रिल 1983 ला, ऑर्डर दिल्यापासून बरोबर दोनशेव्या वर्षी, एका सराईत चोराने तिथून 106 वस्तू लांबवल्या, त्यात तेही गेलं. वीस-बावीस वर्षं कोणालाही पत्ता नव्हता. ब्रेगे कंपनी 1999 मध्ये विकत घेणारे निकोलस हायेक यांनी 2004 मध्ये, मूळ घड्याळ समोर नसताना, जुन्या नोंदी आणि चित्रांवरून त्याची प्रतिकृती करायला सांगितली. त्या प्रतिकृतीच्या पेटीसाठी व्हर्सायमधल्या राणीच्या आवडत्या ओक झाडाचं लाकूड वापरलं. ती 2008 मध्ये पुरी झाली. पण त्याआधीच चोराच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने एका वकिलामार्फत म्युझियमशी संपर्क साधला होता आणि 2006 मध्ये बऱ्याचशा वस्तू परत आल्या होत्या. मूळ नंबर 160 त्यातच होतं, धडधाकट. आता ते जेरुसलेमला त्याच म्युझियममध्ये आहे.